भांग, गांजा आणि एकाच झाडाचा गुण

महाशिवरात्र व होळी हे सण जवळ आले, की भोपाळ शहरात थंडाईबरोबर भांगेचेही नाव निघू लागते. मध्य प्रदेशात भांगेच्या दुकानांस राज्याचे अबकारी खाते परवाना देते. तेथेच त्याच झाडाचा मोहर, म्हणजे गांजा, कोणाच्या खिशात सापडला तर मात्र पोलीस त्यास धरून नेतात. घर सोडून अशा शहरी शिकावयास वा नोकरीस गेलेला तरुण साहजिकच म्हणतो, ‘सरकार जी विकू देते, ती भांग निरुपद्रवीच असली पाहिजे.’ हा समज कितपत खरा आहे, ते आज आपण पाहू.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने राळ, म्हणजे चरस, आणि फुलाफळांचे शेंडे, म्हणजे गांजा, यांवर बंदी घातली. शेंड्यांविना असलेली पाने व बिया यांस त्या बंदीतून वगळले. पानांची भांग राज्यांच्या हाती राहिली ती अशी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून भांग बाळगणे हाही गुन्हा आहे, हे भोपाळहून घरी परतणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कायद्याची ही रेघ झाडाला मात्र ठाऊक नाही. नर व मादी अशी ही झाडे वेगवेगळी असतात आणि वाऱ्यावर उडणाऱ्या परागाने मादीस बी धरते. बी धरू न दिल्यास तिच्या मोहरावर राळ अधिक येते. म्हणून गांजा पिकविणारे नर झाडे वेळीच उपटून टाकीत. इंग्रजी अमलात, १८९३-९४ साली, सरकारने या पदार्थांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा मध्य प्रांतातील गांजाची परवानगीची शेती निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीत होत असे. तो मुलूख आज मध्य प्रदेशातच आहे.

राळेतील मादक द्रव्यास टीएचसी म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेकुलम व येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचेच भावंड सीबीडी. त्याने कैफ चढत नाही. झाड एकाच मूळ द्रव्यापासून ही दोन्ही घडविते. कोणते अधिक घडवावयाचे, हे आईबापांकडून आलेल्या गुणांवर ठरते. टीएचसीचे व सीबीडीचे अशा दोन शुद्ध वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत दोन्ही द्रव्ये उतरतात. दुसऱ्या पिढीत एक, दोन, एक या प्रमाणात वाटणी होते. ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेतील वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे जे नियम १८६६ साली प्रसिद्ध केले, तेच येथेही लागू पडतात. या नियमांचा लाभ घेऊन लोकांनी अधिकाधिक कैफाचे वाण निवडले. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ साली सुमारे ४ टक्के टीएचसी होते; २०१४ साली ते सुमारे १२ टक्के आढळले.

मग वासावरून माल ओळखता येईल काय? मुळीच नाही. मिरी, लवंग व तुळस यांत असणारे कॅरिओफिलीन, लिंबाच्या सालीतील लिमोनीन, देवदाराच्या जातीच्या झाडांतील पायनीन, आंब्यातही आढळणारे मर्सीन, अशी ओळखीचीच द्रव्ये या झाडाला गंध देतात. काही वाणांचा उग्र दर्प गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, असे २०२१ साली दिसून आले. टीएचसीला स्वतःला मात्र वास नाही. तुळशीत भांग उगवली असे आपण म्हणतो. येथे तर तुळशीचा गंध भांगेतच सापडतो, आणि नाक फसते!

कैफ चढतो कसा? आपल्या मेंदूतच अशा एका द्रव्याची योजना आहे. १९९२ साली ते सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्यास ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. भूक, स्मरण, भीती यांवर ते हळुवार ताबा ठेवते. टीएचसी त्याचीच जागा बळकावते. मग काळाचे भान सुटते, छाती धडधडते, आठवण पुसट होते, कोणास अकारण भय वाटते. वाढत्या वयात नित्य सेवन करणाऱ्यास, विशेषतः घराण्यात मनोविकार असल्यास, बुद्धिभ्रंशाचा धोका वाढतो.

चिलमीचा धूर काही मिनिटांत अंमल करतो. प्यालेली भांग मात्र एक-दोन तास घेते. पोटातून यकृतात जाऊन तेथे टीएचसीचे आणखी एक प्रभावी द्रव्य बनते. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो, आणि मग दोन्हींचा अंमल एकदमच चढून कित्येक तास उतरत नाही. कायदा ज्या भांगेस सौम्य मानतो, तीच माणसास अशी गाफील गाठते. त्या स्थितीत वाहन हाकणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

याच झाडातील सीबीडीपासून केलेले औषध मुलांच्या दुर्धर अपस्मारावर २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, हेही खरे. परंतु ते औषध मोजून-मापून वैद्य देतो. थंडाईच्या पेल्यात कोण काय मोजतो?

आईबापांनो, परगावी निघालेल्या मुलास ‘भांग वाईट’ एवढेच सांगून थांबू नका. ती उशिरा चढते, आणि वासावरून तिचा जोर कळत नाही, हेही सांगा. आणि कोणी या व्यसनात सापडलाच, तर लाजेपोटी लपवू नका. १४४४६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास काही गुन्ह्यांबाबत कायदाही संरक्षण देतो. घरात मोकळेपणाने बोलता आले, तर मूल संकटात घराकडेच धाव घेते.