दौंडचा डॉक्टर आणि विद्यापीठाची यादी

पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावचा गणपती मागे टाकून शिरूरकडे निघाले की कारेगाव लागते. एकेकाळच्या ज्वारी-बाजरीच्या रानात आता एमआयडीसी आहे. इथे फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि मोटारी तयार होतात. गावातल्या जुन्या घरांवर भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले आहेत आणि त्या खोल्यांत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची पोरे राहतात. प्रत्येकाकडे एक प्लास्टिकची फाईल असते. तिच्यात दहावी-बारावीची गुणपत्रके, आयटीआयचा दाखला आणि बऱ्याचदा बी.ए., बी.कॉम.ची पदवीसुद्धा असते. कंत्राटदाराच्या खिडकीपाशी फाईल उघडते, आधार कार्डाची झेरॉक्स बाहेर निघते आणि पदवी आतच राहते.

त्यातल्या कित्येक पदव्यांवर नाव असते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे. याच विद्यापीठाच्या ‘नामवंत माजी विद्यार्थ्यां’ची यादी मात्र भारदस्त आहे. बीएमसीसीतून वाणिज्य शिकलेले शरद पवार, आयएलएसमधून वकिली शिकलेले विलासराव देशमुख, आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम.ए. झालेल्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील. जळगाव त्या वेळी पुणे विद्यापीठात मोडत होते, म्हणून हे शेवटचे नाव यादीत बसते.

अशा याद्यांत उत्साहाच्या भरात टिळक-आगरकरही घुसतात. तो आगाऊपणा आहे. ते शिकले ते डेक्कन कॉलेज पुण्यात असले तरी त्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या होत्या. पुणे विद्यापीठ स्थापन झाले १० फेब्रुवारी १९४९ रोजी. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गणेशखिंडीतला इंग्रज गव्हर्नरांचा वाडा विद्यापीठाला मिळाला. तेव्हा बारा जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र होते आणि महाविद्यालये फक्त १८. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगाव-धुळे वेगळे झाले. २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव लागले. आता पुणे, नगर आणि नाशिक एवढेच जिल्हे उरले, पण महाविद्यालये शेकड्यांनी वाढली. अधिकृत इतिहास इतपत पुरे.

यादी वाचताना नजर थांबते ती एका नावाशी, कारण त्या नावाचा पत्ता कारेगावपासून फार लांब नाही. डॉ. जब्बार पटेल. ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’चे दिग्दर्शक. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले, बालरोगतज्ज्ञ झाले आणि दवाखाना थाटला तो दौंडला. पत्नी डॉ. मणी स्त्रीरोगतज्ज्ञ. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. पुणे तिथून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. दौंडला लेकरांचा खोकला-जुलाब आणि पुण्याला तालीम, अशी ती दोन टोके होती.

बी. जे.ची शाळा १८७८ची, कॉलेज १९४६चे, रुग्णालय ससूनचे. साठच्या दशकात या कॉलेजात नेमके काय शिजत होते, याचा एखाद्याने नीट अभ्यास करायला हवा. जब्बार पटेल तिथलेच. पुढे मनोविकारतज्ज्ञ आणि त्याच कॉलेजात प्राध्यापक झालेले मोहन आगाशे तिथलेच. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून आलेले अनिल अवचटही तिथलेच. अवचटांनी एम.बी.बी.एस. होऊन स्टेथोस्कोप बाजूला ठेवला, लेखणी धरली आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) यांच्यासह येरवड्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. थोडे आधीचे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस करून १९६९ मध्ये त्यांनी ती सोडली आणि पूर्णवेळ नट झाले. दुसऱ्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले.

नाटकवेड पोसायला पुण्यात जागा होती. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, भरत नाट्य मंदिराचा रंगमंच आणि प्रेक्षागृहात बसून आरडाओरडा करणारी विरोधी कॉलेजची पोरे. तिथे मेडिकलवाला आणि फर्ग्युसनवाला एकाच विंगेत घाम पुसत उभे राहायचे. फर्ग्युसनमधून बी.एस्सी. आणि विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले सतीश आळेकर बी. जे.मध्येच संशोधन अधिकारी म्हणून नोकरीला लागले. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम. १९७४ मध्ये त्यांचे ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आले.

यांतली काही माणसे एकत्र दिसतात ती ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. १६ डिसेंबर १९७२, पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेची निर्मिती, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस मोहन आगाशे. या नाटकातले खरे यंत्र म्हणजे माणसांचा पडदा. नेपथ्य जवळजवळ नाहीच. उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले ब्राह्मण एका ओळीत उभे राहतात, हात गुंफतात आणि तालावर झुलतात. त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली की ती भिंत होते आणि मागे काय चालले आहे ते दिसत नाही, फक्त कळते. ते वळले की तीच भिंत भजन म्हणू लागते. मध्येच फटी पडतात आणि त्यांतून नाना निसटतो. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य नसते तर ही भिंत कवायत वाटली असती. एका पाऊलभर चुकीने सगळी ओळ विस्कटेल अशी ती रचना आहे, आणि ती उभी केली नोकऱ्या-दवाखाने सांभाळून येणाऱ्या हौशी मंडळींनी. व्यावसायिक नटांना हे जमलेच नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरत नाही.

नाना आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून वाद झालाच. १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली, नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये ते युरोपला नेले.

‘सामना’ची गंमत आणखी वेगळी. दिग्दर्शक जब्बार पटेल, दारूडा मास्तर श्रीराम लागू आणि ज्याचे काय झाले हा प्रश्न सगळा सिनेमा विचारतो तो मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे. एका सिनेमात एकाच कॉलेजचे तीन डॉक्टर! त्यांच्यासमोर साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झालेले निळू फुले. निर्माते रामदास फुटाणे, पटकथा तेंडुलकरांची. १९७५ मध्ये चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. दौंड-शिरूर हा उसाचा पट्टा. पाटसचा ‘भीमा’ आणि न्हावऱ्याचा ‘घोडगंगा’ हे कारखाने याच पट्ट्यातले. गुऱ्हाळांच्या आणि बागायतीच्या मुलखात लेकरे तपासणाऱ्या माणसाला कारखान्याच्या चेअरमनची चाल आणि हाळी अभ्यासायला लांब जावे लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर गावच्या राजकारणाचे अर्धे पुस्तक वाचून होते. सिनेमात तो मुलूख उतरला तो आठवड्याच्या सहलीतून आलेला नाही, हे पडद्यावर जाणवते.

जब्बार पटेल नंतर पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे संचालक झाले. शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. आगाशे महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक-संचालक आणि पुढे एफटीआयआयचे प्रमुख झाले. आळेकर १९९६ ते २००९ विद्यापीठाच्याच ललित कला केंद्राचे प्रमुख होते. जीवरसायनाची पदवी देणाऱ्या विद्यापीठाने त्याच माणसाला नाटक शिकवायला बोलावले, हे विद्यापीठाच्या खात्यावर जमेचे मांडायला हवे.

एमआयडीसीच्या नजरेने पाहायचे तर यादीतले दुसरे नाव लीला पूनावाला. फाळणीत सिंधमधून आलेल्या कुटुंबातली ही मुलगी १९६७ मध्ये सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाली. त्या कॉलेजातली ही पहिली स्त्री मेकॅनिकल इंजिनिअर. दापोडीच्या अल्फा लावलमध्ये ती वर चढत गेली आणि कंपनीची अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाली. पुढे आपल्या नावाची संस्था काढून तिने मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या.

आता अडचणी. तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, रसायनवाला आणि वकील एकाच विद्यापीठाचे होते, एकाच करंडकासाठी भांडत होते. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि बी. जे. तिकडे गेले. २०२२ मध्ये सीओईपी स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. मोठी कॉलेजे स्वायत्त होत आहेत. प्रत्येक निर्णयामागे कारण आहे आणि ते बहुतेक वेळा चुकीचेही नाही. बारा जिल्ह्यांच्या परीक्षा एका कचेरीतून होत नाहीत. पण जब्बार पटेल आणि लीला पूनावाला ज्या कॉलेजांतून आले ती दोन्ही आज पुणे विद्यापीठात नाहीत. जुनी नावे यादीत राहतील. तिथली नवी नावे दुसऱ्यांच्या यादीत जातील.

घरातही ठीक नाही. एनआयआरएफच्या क्रमवारीत विद्यापीठ गटात पुणे २०२४ मध्ये २३वे होते, २०२५ मध्ये ५६वे झाले. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, हे दुखणे सर्वांना पाठ आहे. २०२४च्या फेब्रुवारीत ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचे एक नाटक चालू असताना बंद पाडण्यात आले आणि केंद्रप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. ‘घाशीराम’ थांबला तेव्हा कलाकारांना वेगळी संस्था काढता आली. विद्यार्थ्याला ती सोय नसते.

आणि कारेगावच्या पोराला संध्याकाळच नसते. आठवड्याला पाळी बदलते. कंपनीची बस चुकली तर खाडा, खाडे झाले तर कंत्राट पुढे चालेल याची खात्री नाही. शिरूरच्या बोरा महाविद्यालयात शिकणारा मुलगा पदवीच्या वर्षातच कामाला लागतो आणि मग पुस्तके परीक्षेच्या आठवड्यात उघडतात. अशांसाठीच १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले, म्हणजे पुणे विद्यापीठाचेच माजी कुलगुरू. पदवी त्याने सोपी झाली. पदवीबरोबर एखादी तालीम, वादसभा, रात्री उशिरापर्यंतची भांडणे मात्र टपालाने पाठवता येत नाहीत. दौंडच्या डॉक्टरकडे त्याच्या कमाईचे आणि वेळेचे मालकत्व होते. म्हणून संध्याकाळची गाडी पकडता आली. पदवीने त्याला दवाखाना दिला होता. आजची बी.ए. कारेगावात काय देते, हा प्रश्न विचारायला विद्यापीठ कचरते.

तो विचारण्याची सोय आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालयाला आपले विद्यार्थी पुढे कुठे गेले याची माहिती द्यावी लागते. ती गोळा होते, सादर होते आणि कपाटात जाते. विद्यापीठाने नामवंतांच्या यादीशेजारी ही माहितीही तालुकावार प्रसिद्ध करावी: किती जण कंत्राटावर, किती शेतीत, किती शिक्षक झाले, किती जणींची नोकरी लग्नानंतर सुटली. सुरुवात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपासून केली तरी चालेल.