तिबेटी भाषेतील सुरांचा उगम

तिबेटी ही सुरांची भाषा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. जुन्या तिबेटी काव्याचे ल्हासाच्या वळणाने केलेले पठन ऐकताना त्यातील चढउतार ही मूळ कवीचीच योजना असावी, असे रसिकाला वाटते. या समजुतीला भाषेच्या इतिहासाचा मात्र आधार मिळत नाही.

सूर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. ल्हासाच्या बोलीत 'ङा' हा उच्चार नीच सुरात केला तर त्याचा अर्थ 'मी' असा होतो. उच्च सुरात केला तर 'पाच'. आता लेखन पाहावे. 'मी'साठी नुसता 'ङ' लिहितात, 'पाच'साठी 'ल्ङ'. उच्चारातून 'ल' गेला. जाताना आपली खूण सुराच्या रूपाने ठेवून गेला. तसेच 'स' (माती) आणि 'झ' (खाणे) या शब्दांचे. लेखनात यांपैकी पहिल्याचे व्यंजन अघोष व दुसऱ्याचे घोष आहे. ल्हासात आज दोन्ही शब्दांत 'स'च ऐकू येतो; पहिला उच्च सुरात, दुसरा नीच सुरात.

असे का व्हावे? घोष व्यंजनानंतर येणाऱ्या स्वराची पट्टी स्वभावतःच किंचित उतरते. घोष शाबूत असेपर्यंत ही उतरण केवळ आनुषंगिक असते. घोष लोपला, की शब्दांतील भेद राखण्याचे सारे ओझे तिच्यावर येते, आणि जी केवळ सावली होती तीच वस्तू होऊन बसते. पंजाबीतही हेच घडले आहे. तेथे 'घोडा' या शब्दातील 'घ'चा 'क' झाला. पण नीच सुरामुळे तो 'कोडा' म्हणजे चाबूक या शब्दाहून वेगळा ओळखू येतो. व्हिएतनामी भाषेचे सूरही लुप्त व्यंजनांतून उपजले, हे फ्रेंच पंडित ओद्रिकूर यांनी 1954 मध्ये दाखवून दिले.

तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीच्या आधाराने सिद्ध झाली. परंपरा तिचे श्रेय थोन्मी संभोट यांना देते. तिच्यात सुरासाठी चिन्ह नाही. एवढ्यावरून त्या काळी सूर नव्हते असे ठरत नाही, हे खरे. पण बोलींची साक्ष तिकडेच बोट दाखवते. वाघाला लेखनात 'स्तग' म्हणतात. लडाखी व बाल्टी बोलींत आरंभीचा 'स' अजून उच्चारला जातो, आणि या बोलींत अर्थभेदक सूर नाहीत. ल्हासात तो 'स' गेला, आणि तेथे शब्द उच्च सुरात उच्चारला जातो. जेथे व्यंजने टिकली तेथे सुरांची गरज पडली नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

यातून समीक्षकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, जुन्या तिबेटी पद्याची बांधणी अक्षरसंख्येवर आहे; आजच्या ल्हासाचा सूर त्यात शोधणे म्हणजे नंतरचा अलंकार पूर्वीच्या मूर्तीवर चढवणे होय. दुसरी, ल्हासाची बोली तेवढी शुद्ध आणि लडाखी अडाणी, हा निवाडा टिकत नाही. आरंभीच्या व्यंजनांपुरते पाहिले, तर जुन्या ग्रंथांच्या अधिक जवळ लडाखचा शेतकरीच आहे. ल्हासाने व्यंजने गमावली आणि सूर मिळवला. लडाखने व्यंजने राखली. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ कोणी नाही. एकाच वारशाची ही दोन रूपे आहेत.