हवेच्या उष्म्याविषयीचे आक्षेप: ग्राह्य किती, अग्राह्य किती

मागील महिन्यात आमच्या सोसायटीची बैठक आटोपून चहा चालू असता दोन सभासदांत वाद जुंपला. एकाचे म्हणणे असे की, पृथ्वी तापत चालली असून मराठवाड्याचे वाळवंट होण्यास आता फार काळ लागणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ही सर्व परदेशी पंडितांनी उठविलेली हूल होय. दुष्काळ आपल्या वाडवडिलांनीही पाहिले, तेव्हा कोठे मोटारी आणि कारखाने होते? वाद मिटेना, तेव्हा महसूल खात्यात उभा जन्म कागद तपासण्यात घालविलेला मनुष्य म्हणून मला मध्ये ओढण्यात आले. त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले व पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. परंतु आलेल्या हरकतीचा निकाल करताना कारकुनाने जी रीत पाळावयाची तीच येथे पाळली आहे. हरकत घेणारा कोण, हे न पाहता हरकत काय आहे तेवढे पाहावे.

पहिली हरकत दुष्काळाची. ती खरी आहे. १६३० ते १६३२ चा दख्खनचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, यांपैकी कोणताही मोटारींच्या धुराने पडलेला नव्हता. १९७२ साली मी अवघा पाच वर्षांचा होतो. खडी फोडण्याच्या कामावरून आई संध्याकाळी परत येई तेव्हा तिच्या हातांना बांधलेल्या चिंध्या मला अजून आठवतात. पॅसिफिक महासागराचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा तापते, त्यास एल निनो म्हणतात. १८७७, १९७२ आणि २०१५ ही तिन्ही वर्षे त्याच जातीची होती. पाऊस हुलकावणी देतो तो पुष्कळदा अशा कारणाने, आणि हे कारण मनुष्याच्या हाती नाही.

परंतु यातून हरकतदार जो निष्कर्ष काढतो तो निघत नाही. कडब्याच्या गंजी पूर्वीही विजेने पेटत असत. म्हणून काल जळालेली गंज कोणी पेटविलीच नाही, असे पंचनाम्यात लिहिता येईल काय? दुष्काळास दुसरी कारणे आहेत एवढेच या हरकतीने सिद्ध होते. हवा तापते की नाही, आणि ती कोणामुळे तापते, हे प्रश्न त्यामुळे जागच्या जागीच राहतात.

आता लातूरच्या पाण्याच्या गाडीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण आमच्या भागात उष्म्याची गोष्ट निघाली की ती गाडी हमखास पुढे येते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. कृष्णेचे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने आणून शहर जगविण्याची वेळ आली, आणि त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी व मारामारी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी हे हवामानबदलाचे चित्र म्हणून छापले. शंका घेणारे म्हणतात की, हे चित्र खोटे आहे. माझ्या मते या एका मुद्द्यावर त्यांची बाजू बरीच खरी आहे.

२०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षी मराठवाड्यात पावसाळ्याच्या पावसात सुमारे चाळीस टक्के तूट पडली, हे निर्विवाद. पण १९७२ सालची आठवण असलेल्या कोणत्याही म्हाताऱ्यास विचारा. तो सांगेल की, तेव्हा धान्य नव्हते, पण विहिरीत पिण्यापुरते पाणी होते. २०१६ साली उलट झाले. रेशनच्या दुकानात धान्य होते, पाणी मात्र नव्हते. मधल्या काळात आकाशापेक्षा जमिनीवर अधिक घडले. गावोगाव विंधन विहिरी खोल खोल गेल्या, आणि मांजरेच्या खोऱ्यात ऊस पसरला. आपल्याकडे वर्षाकाठी साधारणतः सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. उसाला दोन हजारांहून अधिक लागतो. जे आभाळ देत नाही ते धरणातून अथवा भूगर्भातून उपसावे लागते. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी भागात असून सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदविले आहे. तेव्हा धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले याचा सगळा दोष तापलेल्या पृथ्वीवर टाकणे म्हणजे पीकपाहणीतून उसाची नोंद गाळण्यासारखे आहे. उसास पैसा मिळतो, कारखाना घेतो, आणि दुसऱ्या कोणत्याही पिकाला इतकी खात्रीची बाजारपेठ नाही, हे मीही जाणतो. माझ्या धाकट्या भावाच्या शेतात आजही दीड एकर ऊस उभा आहे, आणि त्यावरून आमच्या घरी दर दिवाळीस भांडण होते.

मोठमोठ्या संस्था चुकत नाहीत काय, ही तिसरी हरकत. चुकतात, आणि त्यांच्या चुका आपल्याच देशातील माणसांनी दाखवून दिल्या आहेत. हवामानाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे छापले गेले. भूशास्त्र सर्वेक्षण खात्यातील निवृत्त अधिकारी वि. कु. रैना यांनी २००९ साली हिमनद्यांच्या जुन्या मोजण्या एकत्र मांडून या भयास आधार नसल्याचे लिहिले. त्यांची प्रथम हेटाळणी झाली. जानेवारी २०१० मध्ये मंडळास २०३५ चे विधान निराधार असल्याचे कबूल करावे लागले. हिमनद्या मागे हटत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. परंतु तो आकडा चूक होता, आणि चूक आकडा खोडलाच पाहिजे.

याहून अधिक उद्बोधक गोष्ट भातशेतीची. पाणी तुंबलेल्या खाचरांतून मिथेन नावाचा उष्णता धरणारा वायू उठतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हिशेब केला की, भारतातील भातशेती दरसाल ३ कोटी ७८ लक्ष टन मिथेन सोडते. म्हणजे पृथ्वी तापविण्याचा मोठा बोजा आमच्या भातकऱ्यांच्या माथी! डॉ. अ. प्र. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली आपल्या शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या खाचरांत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा तो आकडा सुमारे ४० लक्ष टनांवर आला. दुसऱ्याच्या देशातील मोजणीचे सूत्र आपल्या शेतास लावले की काय होते, याचे हे उदाहरण सोसायटीच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. मात्र ध्यानात घ्यावे की, मित्रांनी शंका घेऊन स्वस्थ न बसता चिखलात उतरून मोजले.

मोजण्याच्या याच कसोटीवर मूळ प्रश्न लावला, म्हणजे शंकेखोरांचा पाय येथे घसरतो.

कोळसा, तेल जाळल्याने कर्बाम्ल वायू, म्हणजे हल्लीच्या भाषेत कार्बन डायऑक्साइड, उत्पन्न होतो. हा वायू उष्णता अडवून धरतो, हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टिंडॉल यांनी १८५९ साली प्रयोगाने दाखविले. तेव्हा कोणती परिषद भरत नव्हती की कोणास अनुदान मिळत नव्हते. १८९६ साली स्वीडनचे आऱ्हेनियस यांनी, हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित कागदावर मांडले. १९३८ साली कॅलेंडर नावाच्या इंग्रज वाफेच्या यंत्रांच्या इंजिनियराने जगभरच्या तापमापकांच्या जुन्या नोंदी जमवून पृथ्वी तापू लागल्याचे लिहिले. गंमत अशी की, आऱ्हेनियस व कॅलेंडर या दोघांसही ही गोष्ट शुभ वाटली होती. थंड मुलुखाला ऊब मिळेल, शेती वाढेल, असे त्यांचे मत. भीती दाखवून पैसा उकळण्याचा बेत येथे कोठे दिसतो?

हवाई बेटांवरील मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून या वायूची अखंड मोजणी चालू आहे. त्या वर्षी हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. यंत्रयुगापूर्वी तो सुमारे २८० होता, हे दक्षिण ध्रुवाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. सूर्यच अधिक तापला असेल, असे काहीजण म्हणतात. सूर्याचे तेज १९७८ पासून उपग्रहांनी मोजले जात आहे. त्यात चढ आढळत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे सर्व थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे व फार उंचावरचा थर थंड होतो आहे. घोंगडी पांघरलेल्या माणसाचे अंग तापते आणि घोंगडीच्या बाहेरील हवा गार राहते, तशीच ही स्थिती होय.

तापमापके शहरांत असल्यामुळे आकडे फुगतात, ही हरकत मला स्वतःला फार दिवस पटत असे. लातूर शहरातील सिमेंटच्या रस्त्यावरचा उष्मा आणि शेताच्या बांधावरचा उष्मा यांतला फरक कोणास ठाऊक नाही? नेमकी हीच शंका अमेरिकेतील पदार्थविज्ञानाचे अध्यापक रिचर्ड म्युलर यांना होती. त्यांनी जगातील सर्व नोंदी नव्याने तपासल्या. या कामास खनिज तेलाच्या धंद्यातील धनिकांच्या निधीतूनही पैसा मिळाला होता. २०१२ साली त्यांनी जाहीर केले की, पृथ्वी खरोखर तापली आहे, तापण्याचे कारण मनुष्य आहे, आणि आपली पूर्वीची शंका आपण मागे घेत आहोत. हरकतदाराने स्वतः फेरमोजणी करून घ्यावी आणि ती आपल्या विरुद्ध आली तरी तिच्यावर सही करावी, असे आमच्या कचेरीत मी क्वचितच पाहिले.

आपल्या देशापुरते पाहिले तर, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या व केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हा आकडा लहान दिसतो, आणि एखाद्या वर्षी हिवाळा कडाक्याचा पडला की लोक त्यास हसतात. एका वर्षाच्या थंडीवरून शतकाचा निकाल देणे म्हणजे एका शेताच्या कापणीवरून तालुक्याची पैसेवारी ठरविण्यासारखे आहे.

कर्बाम्ल वायू हे वनस्पतींचे अन्न होय, तेव्हा तो वाढला तर पिके जोमाने येतील, ही हरकत शेतकऱ्यास गोड वाटते. यात तथ्य आहे, पण सर्व पिकांस सारखे नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस यांना या वायूच्या वाढीचा फायदा होतो. ज्वारी, मका आणि ऊस यांना फारच थोडा होतो, कारण ती पिके मुळातच हा वायू गोळा करण्यात तरबेज आहेत. आणि जेथे फायदा होतो तेथेही उष्म्याचा खर्च वजा करावा लागतो. हरभरा फुलावर असता ऊन तापले की फूल गळते, घाटे पोचट राहतात. मग हवेत अन्न पुष्कळ असून काय उपयोग?

शेवटी पावसाची सरासरी. तिच्याशी माझा संबंध पोटापाण्याचा होता. शंकेखोर म्हणतात की, नांदेड-लातूरचा सालिना पाऊस काही नाहीसा झालेला नाही. बरोबर आहे. परंतु समजा, एका महसूल मंडळात जून कोरडा गेला, जुलैत पेरणी झाली, ऑगस्टात तीन आठवडे थेंब नाही, आणि सप्टेंबरात चार दिवसांत तीनशे मिलिमीटर कोसळला. वर्षअखेरीस नोंदवहीत सरासरी भरलेली दिसेल आणि शेतात सोयाबीन कुजलेले असेल. पुण्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले की, १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण पाऊस घटत असता मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. कारण समजण्यास सोपे आहे: हवा एक अंशाने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि धरलेले एकदम सोडते. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेकाठी, ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात, पाण्याने गावे वेढली ती आपण पाहिली. यांपैकी अमुक एक पूर तापलेल्या हवेनेच आला असे मी म्हणत नाही. फासे मात्र जड होत आहेत.

या प्रकरणी दोष कोणाचा, असे विचाराल तर, अमेरिकेतील मनुष्य दरसाल सुमारे चौदा टन कर्बाम्ल वायू सोडतो आणि भारतातील सुमारे दोन टन. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्याहूनही कमी असणार. तेव्हा कोणी त्यास उपदेश करू लागल्यास त्याने खुशाल हरकत घ्यावी. तेथे मी त्याच्या बाजूने सही करीन.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे त्यावर अवलंबून राहतात, हे सभासदांस ठाऊक आहेच. परंतु पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि ढग कोसळतो तो आठ कोस दूरच्या शिवारात, असे पुष्कळदा घडते. आमच्या गावी सोसायटीच्या गोदामाच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवावे, रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत लिहावे, आणि त्याच वहीत दर अमावास्येस पाच विहिरींची पाणीपातळी नोंदवावी, असा ठराव मी पुढील बैठकीत मांडणार आहे. वाद घालणाऱ्या त्या दोन्ही सभासदांनी आळीपाळीने वही लिहिण्याचे कबूल केले आहे.