सोलर इन्व्हर्टरच्या पंख्याची घरघर

सोलर इन्व्हर्टरच्या पंख्याचा आवाज हा मुळात उष्णतेचा प्रश्न आहे. पॅनलमधून येणारी डीसी वीज घरात चालणाऱ्या 230 व्होल्टच्या एसी विजेत बदलताना तिचा काही भाग वाटेतच उष्णता होऊन जातो. थेट ग्रिडला जोडलेल्या चांगल्या इन्व्हर्टरमध्ये ही गळती दोन-तीन टक्के असते; बॅटरीवाल्या इन्व्हर्टरमध्ये ती सात ते दहा टक्क्यांपर्यंत जाते. पाच किलोवॉटचा असा इन्व्हर्टर पूर्ण भारावर असेल तर साडेतीनशे ते पाचशे वॉट उष्णता त्या लहानशा पेटीत तयार होते. बंद खोक्यात शंभर वॉटचे चार-पाच जुने बल्ब पेटते ठेवावेत तशी. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या हीटसिंकमध्ये उतरते आणि तिथून ती बाहेर ढकलण्याचे काम पंखा करतो. त्यामुळे आवाज नको म्हणून पंख्याची वायर काढून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब तंत्रज्ञ मांडतात.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये हा प्रश्न अधिक टोचतो, त्याची कारणे हवेत आणि विजेत दोन्हीकडे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. भोवती काळ्या मातीची शेते, आणि शेजारी दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराचा शेंद्रा-बिडकीन पट्टा, तिथली बांधकामे आणि अवजड वाहने म्हणजे बारीक धूळ आलीच. विजेचे कारण जरा वेगळे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. या योजनेत बहुतेक घरांवर ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बसतो. महावितरणची वीज गेली की तोही लगेच बंद होतो, कारण तो तारांत वीज सोडत राहिला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालू राहावे अशी ज्यांची इच्छा असते ते बॅटरीचा, म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर घेतात. पंखे प्रामुख्याने यातच असतात.

आवाज कमी करण्याआधी तो कसला आहे हे ओळखावे लागते. भार वाढला की वाढणारा आणि तो उतरला की उतरणारा एकसारखा सूंऽऽ आवाज हा हवेचा असतो. पंखा ठीक आहे, फक्त जोरात फिरतो आहे. खरखर, किंवा सुरू होताना काही क्षण घासल्यासारखा आवाज, हे बेअरिंग झिजल्याचे लक्षण. स्वस्त पंख्यांत बेअरिंगऐवजी साधा बुश असतो. उष्णतेने त्यातले तेल आटते आणि पाती डुगडुगू लागतात. बारीक शिट्टी येत असेल तर जाळी पात्यांच्या फार जवळ आहे किंवा धुळीने अर्धी बुजली आहे. संपूर्ण भिंत थरथरल्यासारखी वाटते तेव्हा दोष बहुधा भिंतीचाच: पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या पडदीवर टांगलेली पेटी त्या पडदीला ढोलकी बनवते. पेटी विटांच्या पक्क्या भिंतीवर हलवली किंवा तिच्या पट्टीखाली रबराचे वॉशर दिले तर हा आवाज जवळजवळ संपतो. ट्रान्सफॉर्मरची मंद गुणगुण मात्र पंखा थांबला तरी चालू राहते. तिच्यासाठी पंखा बदलून उपयोग नाही.

निम्मे भांडण इन्व्हर्टर कुठे लावला यानेच ठरते, आणि ही जागा बहुतेक घरांत घाईने ठरवली जाते. जिन्याखालचा कोनाडा सोयीचा दिसतो, पण तिथे बाहेर फेकलेली गरम हवाच पंखा पुन्हा आत ओढतो, वेग वाढवतो आणि गोंगाट करतो. लाकडी कपाटात बंद केले तर आवाज काही दिवस दबतो, उष्णता मात्र साठत जाते. पेटीच्या वर, खाली आणि बाजूंना पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा हवी. साधारण फूटभर तरी. पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत टाळावी. झोपायच्या खोलीला लागून असलेली भिंतही टाळावी, विशेषतः ज्या घरात कोणी रात्रपाळी करून दुपारी झोपतो तिथे, कारण सोलरचा पंखा सर्वांत जोरात ओरडतो तो ऐन दुपारीच. गावठाणात घराला घर लागून असते; तिथे हा विचार शेजाऱ्याच्या भिंतीसाठीही करावा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे.

रात्रीची घरघर बऱ्याचदा सेटिंगमध्ये दडलेली असते. ग्रिडवरून बॅटरी भरण्याचा प्रवाह कारखान्यातून जास्त ठेवलेला असतो. वीज आली की इन्व्हर्टर जीव तोडून बॅटरी भरू लागतो आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो. हा प्रवाह, समजा, 60 अँपिअरवरून 20 वर आणला तर बॅटरी भरायला वेळ लागतो, पण उष्णता बरीच उतरते. बॅटरी दिवसा सोलरवर भरत असेल तर रात्रीचे ग्रिड-चार्जिंग बंदच ठेवता येते. पाण्याची मोटर आणि इस्त्री एकाच वेळी न चालवणे, हा बिनखर्ची उपाय.

धूळ काढणे हे उन्हाळ्यापूर्वीचे नेमाचे काम. बाहेरची जाळी मऊ ब्रशने साफ करायला हरकत नाही. पेटी उघडायची असेल तर वॉरंटी संपली आहे का ते पाहावे आणि काम जाणकाराकडे द्यावे. इन्व्हर्टर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते आणि ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरी जिवंतच असतात. म्हणून एसी, बॅटरी आणि सोलर या तिन्ही बाजू पुस्तिकेतल्या क्रमाने बंद करून, तिथे दिलेला वेळ थांबून मगच हात घालावा. भार चालू असताना पॅनलचे कनेक्टर कधीही ओढू नयेत. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवतात, नाहीतर हवेच्या झोताने पंखा क्षमतेबाहेर फिरतो आणि बेअरिंग जाते. खरखरणाऱ्या पंख्यात शिलाई मशीनचे तेल सोडण्याची रीत सर्वत्र आहे. आवाज थांबतो खरा, पण थोड्याच दिवसांपुरता. मग त्याच तेलावर धूळ चिकटते.

झिजलेला पंखा बदलणेच शहाणपणाचे. जुन्या पंख्यावरच्या चिठ्ठीवर माप, व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात: 80, 92 किंवा 120 मिलिमीटर, 12 किंवा 24 व्होल्ट. तारा मोजायला विसरू नये. तीन तारा असतील तर तिसरी तार पंखा फिरतो आहे की नाही हे इन्व्हर्टरला कळवते; दोन तारांचा पंखा बसवला तर काही इन्व्हर्टर बिघाड दाखवून बंद पडतात. पंख्यावरच्या बाणाप्रमाणे हवेची दिशाही जुळावी लागते. बॉल बेअरिंगचा पंखा थोडा महाग, पण उष्णतेत टिकतो. ‘शांत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंख्यांबाबत मात्र सावध राहावे. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, पण हवाही निम्मीच फेकली जाते. संगणकासाठीचे मंद पंखे हीटसिंकच्या अरुंद फटींतून हवा रेटायला अनेकदा कमी पडतात. हवा तेवढीच ठेवून आवाज कमी करायचा तर मोठ्या मापाचा, हळू फिरणारा पंखा लागतो, आणि त्याला पेटीत जागा असतेच असे नाही.

नव्याने संच घेणाऱ्याला दुसरा मार्ग आहे. वीज गेल्यावर घर चालवण्याची गरज नसेल तर लहान क्षमतेत पंखा नसलेले ग्रिड इन्व्हर्टर सहज मिळतात. त्यांची मागची पन्हाळीदार पाठ आपोआप वर जाणाऱ्या हवेवर थंड होते. त्यांतले बहुतेक पाऊस आणि धूळ झेलण्यासाठी बंदिस्त बनवलेले असतात आणि घराबाहेर लावता येतात. त्यांना सावली मात्र लागते, कारण मे महिन्याच्या थेट उन्हात ते स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी करतात.