चार पर्यायांतली उष्णता

2024 साली मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचं प्रकरण आलं आणि त्यात उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल आणि अल्कली मिसळताना निघणारी उष्णताही आली. प्रयोगाचा मान राखला म्हणावं, तर उत्तर चार पर्यायांतूनच निवडायचं! लाव्हाझिए-लाप्लास यांनी 1780च्या दशकात बर्फ वितळवून उष्णता मोजली, 1840 मध्ये हेसनं तिचा नियम मांडला. पुढचा काळ हा धडा पुस्तकात सुखानं नांदला. बिघडलं ते 2013 नंतर. त्या वर्षी ‘नीट’ आली, कोर्टात अडकली, 2016 मध्ये परतली. बारावीच्या रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाचे 30 गुण राहिले, पण मेडिकलच्या प्रवेशात ते फक्त पात्रतेपुरते. मग क्लास-कॉलेजची सोयरीक जमली: नाव पाचोडसारख्या गावच्या पटावर, मूल संभाजीनगरच्या नाहीतर लातूरच्या क्लासात. 2021 मध्ये कोरोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा प्रयोगशाळेवाचून अडत नाही याची जणू खात्रीच पटली.

अडतं कुठे, ते आकडेच सांगतात. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी 50 मिलि एकत्र केलं की तापमान साधारण 6.8 अंशांनी चढतं. 100 ग्रॅम गुणिले 4.18 गुणिले 6.8 म्हणजे सुमारे 2,842 ज्यूल. पाणी बनलं 0.05 मोल, म्हणून मोलमागे जवळपास 57 किलोज्यूल. पण थर्मामीटरवर एकेका अंशाच्याच खुणा असतील आणि वाढ 6 वाचली, तर उत्तर 50 येतं. 7 वाचली, तर 58.5. शिवाय थोडी उष्णता काचेनं घेतली, थोडी हवेनं. ती किती, हे शोधताना उष्णता मोजणारा कॅलरीमीटर समजतो. तयार आकडे देणाऱ्या प्रश्नात ही चूक करायलाच वाव नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी तरी कोण मोजत होतं? 57.3 हे पुस्तकी उत्तर पाठ असायचं आणि जर्नलात उलट्या हिशेबानं वाचनं भरली जायची. खरं आहे, आणि परीक्षकही डोळे मिटून सही करत. तरी उलटा हिशेब करायला सुलटा यावा लागे. आज तेवढी लबाडीही लागत नाही. प्रयोगाला पैसे नाहीत, हा आक्षेप तर अगदीच तकलादू. थर्माकोलचा कप हा सगळ्यात स्वस्त कॅलरीमीटर. 2018च्या राज्यातल्या बंदीत तो गेला, हे मान्य. पण कापडात गुंडाळलेला बीकर, पुठ्ठ्याचं झाकण आणि एक थर्मामीटर एवढ्यावर भागतं. कमी पडतो तो वेळापत्रकातला तास, आणि तो क्लासनं नेला तेव्हा ना पालकांनी हरकत घेतली, ना कॉलेजांनी.