घरात कुत्री व्याली तर...

गेल्या आठवड्यात तलवाड्यात एका ओळखीच्या घरी गेलो. त्यांची कारवान जातीची कुत्री नुकतीच व्याली होती. पिले पाहायला गल्लीतली मुले जमली होती. एका मुलाने पिलू उचलताच कुत्रीने त्याच्या हाताला दात लावला.

"घरचीच कुत्री हाय डॉक्टर, हळद भरली की झालं," काकू म्हणाल्या. मी हळद लावू दिली नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली आणि मुलाला लगेच लसीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज उरत नाही. म्हणून कुत्री घरची असली तरी डॉक्टरांना दाखवावेच.

पिलांना पहिल्या २४ तासांत आईचा चीक मिळावा. त्यांचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना अंगाची ऊब राखता येत नाही; कोरडे गोणपाट अंथरून आडोशाला ठेवावे.

आईकडून पिलांना जंत होतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे पिले दोन आठवड्यांची झाली की पशुवैद्यकाकडून आई व पिलांना जंताचे औषध द्यावे. दीड-दोन महिन्यांनी पिलांच्या लसी सुरू कराव्यात.

मुलांनी सध्या पिले लांबूनच पाहावीत. हात लावलाच, तर साबणाने धुवावा.