बिनआरशाच्या कॅमेऱ्याची वाट

नगरहून सोलापूरकडे निघालेली एस. टी. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावला थांबली, की उतारू पहिल्यांदा चहाच्या टपरीकडे वळतात. आम्ही मात्र परवा उतरलो ते थेट एका फोटो स्टुडिओत शिरलो. स्टुडिओचे मालक आमच्या जुन्या ओळखीचे. सारा गाव त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून आम्हीही भाऊच म्हणतो. आम्हाला पाहताच ते म्हणाले, “काका, येणार म्हणतात!”

आमच्या मनात आले, पाऊस येणार असेल. नाहीतर एखादा मंत्री. या दुष्काळी मुलखात दोघांचीही वाट सारख्याच आशेने पाहिली जाते आणि दोघेही सारखेच हुलकावणी देतात. पण भाऊंचा पाहुणा निराळा होता. तो होता एक नवा मिररलेस कॅमेरा. कंपनीने अजून त्याचे नावही उच्चारलेले नाही. पण त्याचे भिंग कसे, बॅटरी किती, किंमत काय, याच्या वावड्या मोबाइलवरून भाऊंपर्यंत रोज पोचतात.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. भाऊंचा जुना आरशाचा कॅमेरा आता कुरकुरू लागला आहे. आज कर्ज काढून बाजारातला कॅमेरा घ्यावा, की चार महिने थांबून येणारा घ्यावा? चुकले तर एका हंगामाची कमाई हप्त्यांत जायची.

वाट पाहणारे पूर्वसूरी

कॅमेऱ्याची वाट पाहणारा मराठी माणूस काही आजचा नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, हेही मूळचे फोटोग्राफरच. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पाहून ते भारावले आणि त्यांनी लंडनहून २१ गिनींना चित्रपटाचा कॅमेरा मागवला. मग बोटीची वाट पाहत बसले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनी तर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तिसरी वाट धरली. त्यांनी वाट पाहिलीच नाही, कॅमेरा घरीच बनवला! १९२० सालचा ‘सैरंध्री’ त्याच खटपटीचे फळ.

मागवावा, कर्ज काढावे, की आहे त्यात भागवावे, हे तीन मार्ग तेव्हाही होते. भाऊंपुढेही तेच आहेत.

आरसा गेला, मग आले काय?

जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत कललेला आरसा असे. तो प्रकाश वर वळवी, वरचे लोलक तो डोळ्यापर्यंत नेई आणि कळ दाबताच आरसा ‘खट्ट’ करून बाजूला होई. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला आहे. भिंगातून आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते तेच एका चिमुकल्या पडद्यावर आपल्याला दिसते. भिंगे बदलता येणारा या जातीचा कॅमेरा पॅनासोनिकने २००८ साली बाजारात आणला. सोनीने २०१३ साली पूर्ण आकाराच्या सेन्सरचा आणला, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन हे दोघे बडे सरदारही त्याच मैदानात उतरले.

फायदे थोडेथोडके नाहीत. फोटो काळा येणार की पांढराफटक, हे कळ दाबण्याआधीच दिसते. कॅमेरा माणसाचा डोळा आपणहून शोधतो आणि नेम तिथेच धरून ठेवतो. अलीकडचे कित्येक कॅमेरे प्राण्यापक्ष्यांचे डोळेही ओळखतात. शिवाय आवाजाविना फोटो निघतो. याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. ते १९८० सालचे असून सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. तिथे ‘खट्ट’ झाले की काळवीट कान टवकारते आणि पुढच्या क्षणी फोटोत नुसते गवत उरते.

मात्र या मौनाचीही किंमत आहे. आवाज बंद केला की साधा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात हलगीवाल्याच्या काड्या हलल्या तर त्या वाकड्या उमटतात आणि मांडवातल्या एल. ई. डी. दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात. म्हणून येणाऱ्या कॅमेऱ्याविषयी पहिला प्रश्न हा विचारावा, की सेन्सर किती झटपट वाचतो? मेगापिक्सेल किती, हा प्रश्न त्यानंतरचा. चार फुटी बॅनरलासुद्धा आजचे २४ मेगापिक्सेल पुरून उरतात.

बॅटरीचे त्रैराशिक

आरशातून पाहायला वीज लागत नसे. इथे सेन्सर आणि पडदा सतत जागे, म्हणून बॅटरी भराभर संपते. निकॉनच्या आरशाच्या डी-८५० ला एका बॅटरीत १,८४० फोटो सांगितलेले होते. त्याच घराण्यातल्या मिररलेस झेड-७ ला अवघे ३३०!

पण हे आकडे कसे काढतात, तेही पाहा. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची एक ठरलेली चाचणी आहे. तीत साधारण दर ३० सेकंदांना एक फोटो काढतात आणि मधूनमधून कॅमेरा बंद-चालू करतात. म्हणजे तो आकडा फोटोंचा दिसला, तरी आत दडलेला असतो वेळ. सोनीच्या अल्फा-सात मालिकेतल्या तिसऱ्या कॅमेऱ्याला मागच्या पडद्यावर पाहून ७१० फोटो सांगितले होते. म्हणजे सहा तासांना पाच मिनिटे कमी. चौथ्यात बॅटरी तीच, पण सेन्सर २४ चा ३३ मेगापिक्सेल झाला आणि आकडा ५८० वर उतरला. म्हणजे पाच तासांना दहा मिनिटे कमी. नवा कॅमेरा म्हणजे बॅटरी जास्त, हा समज इथे खोटा ठरतो.

धडाधड फोटो काढले तर एका बॅटरीत या आकड्याच्या दुप्पटही निघतात. व्हिडिओ घेतला तर हिशेबच बदलतो. भाऊंचा दिवस सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत चालतो, म्हणजे बारा तासांचा. तेव्हा बॅटऱ्या तीन हव्यात, आणि वीज गेली तर गाडीत किंवा पॉवर बँकेवर चार्ज होणारा कॅमेरा हवा. ही सोय आहे का, हे आधी विचारावे.

किंमत : सांगितलेली आणि खरी

अल्फा-सातमधला तिसरा कॅमेरा २०१८ साली आपल्याकडे आला तो सुमारे १ लाख ६५ हजारांना. चौथा २०२२ साली आला तो सुमारे २ लाख ४२ हजारांना. त्यामुळे ‘नवा त्याच किमतीत मिळेल’ ही वावडी कानाआड टाकलेली बरी. परदेशातली किंमत डॉलरमध्ये ऐकून नुसता गुणाकारही करू नये. आयातीचा खर्च आणि १८ टक्के जी. एस. टी. त्यावर चढतो. बिनपावतीचा माल स्वस्त मिळतो खरा. पण बिघडला की दारोदार फिरण्याची वेळ येते.

आणि ही किंमत नुसत्या धडाची झाली. भिंगे, कार्डे, जादा बॅटऱ्या वेगळ्याच. सुदैवाने आरसा गेल्यामुळे भिंग आणि सेन्सर यांतले अंतर घटले आहे. कॅननमध्ये ते ४४ मिलिमीटर होते, ते २० झाले. त्या मोकळ्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुनी भिंगे चालतात. भाऊंची निम्मी पुंजी भिंगांतच आहे, ती वाचते.

निकाल

“मग काय करू?” भाऊंनी विचारले. आम्ही उलट त्यांनाच विचारले, की गेल्या हंगामात फोटो कशामुळे वाया गेले? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी भिंतीवरची एक तसबीर दाखवली. लग्नात नातवावर अक्षता टाकणारी म्हातारी होती ती. पुढे ती वारली, तेव्हा घरच्यांना तिचा याहून चांगला फोटो सापडेना. भाऊंनी हाच मोठा करून दिला. पण नेम चुकून मागच्या झालरीवर बसला होता. झालर लख्ख, म्हातारीचे डोळे पुसट. त्याच फोटोला आता हार आहे. दुसरी प्रत त्यांनी मुद्दाम आपल्या डोळ्यांसमोर लावून ठेवली आहे.

उत्तर त्यातच होते. भाऊंना नेम न चुकणारा कॅमेरा हवा आहे, आणि ती करामत आजच्या बाजारातही मिळते. त्यांनी ठरवले ते असे : मोठ्या लग्नांना नगरहून मिररलेस भाड्याने आणायचा आणि हात बसवून घ्यायचा, नवा जाहीर झाला की आधीच्या पिढीचा भाव उतरतो, तेव्हा तो पावतीसह घ्यायचा, अडॅप्टर लावून.

आम्ही निघालो तेव्हा ते कॅलेंडरच्या पाठीवर लग्नाच्या तारखा लिहीत होते. नवा कॅमेरा येवो, न येवो. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही.